नाव कोरणारा बर्नर

"चपला काढा, बाई. लोककलाकार अनवाणीच छान दिसतात."

सर म्हणाले. हसून म्हणाले. नाशिकच्या एका गारेगार हॉलमध्ये, स्टेजच्या पायरीपाशी. आईच्या पायात नव्या चपला होत्या. मीच रविवार कारंजावरून घेऊन दिल्या होत्या, खास त्या दिवसासाठी. तिनं वाकून काढल्या. हातात धरून उभी राहिली. ठेवायच्या कुठं, कळेना. मी पुढं होऊन घेतल्या.

पाहुणे बूट घालून स्टेजवर गेले. खुर्च्यांवर बसले. आईला खाली सतरंजीवर बसवलं. अंगावरचं लुगडंही त्यांनीच आणलेलं, गुडघ्यापर्यंत नेसायला लावलेलं. "असा कोण नेसतं आता?" आई माझ्या कानात म्हणाली होती. पण नेसली. सायबाचं मन कशाला मोडायचं, म्हणून.

ती गायली. टाळ्या पडल्या. मग सरांनी तयार केलेल्या तिच्या गाण्यांच्या डीव्हीडीचं प्रकाशन झालं. एक पाहुणे म्हणाले, सरांनी जंगलं तुडवून, डोंगर चढून हा ठेवा शोधून काढला. आमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे. सर गाडीनं अंगणात यायचे.

आम्ही कोकणा आदिवासी. सुरगाणा तालुक्यातले. भात आणि नागली पिकवणारे. आई लग्नात गाते. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक तिला न्यायला येतात. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. मी नर्सिंग शिकले, नाशिकला एका खाजगी दवाखान्यात लागले, मखमलाबाद रोडला खोली केली. सर लोकसाहित्याचे निवृत्त प्राध्यापक. काही वर्षं दर हिवाळ्यात कॅमेरा घेऊन यायचे. आई हातातलं काम टाकून गायची. "पुन्हा एकदा, बाई, उजेड गेला." ती पुन्हा गायची. आवाज बसेपर्यंत. मी सुट्टीवर आलेली असले तर चहा करायची, वायर धरायची. आपल्या आईला कुणीतरी मोठा माणूस विचारतोय, याचंच अप्रूप.

कार्यक्रमानंतर आई माझ्या खोलीवर आली. दवाखान्यानं नवीन कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुने काढून टाकले, त्यातला एक मी घेतला होता. त्यात डीव्हीडी घातली. आई पलंगावर मांडी घालून बसली. स्वतःला बघून लाजली, मग रमली. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकायला लागली. संकल्पना, सरांचं नाव. संशोधन, सरांचं नाव. संपादन, सरांचं नाव. कॅमेऱ्यावाल्याचं नाव. ड्रायव्हरचंसुद्धा.

आईला वाचता येत नाही. पण बचत गटात सही शिकली आहे. स्वतःचं नाव कुठंही दिसलं की ओळखते. ती पुढं सरकली. काचेला नाक लागेल इतकी.

"माना नाव कठ आहा?"

माझं नाव कुठं आहे.

मी मागं नेऊन थांबवलं. होतं ते मीच वाचलं, मनात. गायन : एक आदिवासी स्त्री.

आईला काय सांगू? म्हटलं, राहिलं असेल. ती म्हणाली, "ड्रायव्हरचा कसा नाय राहिला?"

त्या दिवसापासून मला बसवेना. ड्युटीवर सुई टोचताना, सलाईन लावताना, डोक्यात तीच ओळ सरकायची. चहा घेतला की अर्धा टाकून उठायची. शेवटी सरांच्या बंगल्यावर गेले.

"सर, आईचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. मुद्दामच घातलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "लोककला समूहाची असते. एका व्यक्तीचं नाव घातलं की ती लोककला राहत नाही. तुला हे समजायला हवं, तू शिकलेली आहेस."

"तुमचं नाव तीनदा आहे."

"मी अभ्यासक आहे."

म्हटलं, मग आईचं सगळं चित्रीकरण आहे, त्याची एक कॉपी तरी द्या. ते हसले. तेच हसू, पायरीपाशी हसले होते ते.

"अगं, ते जपायला सोय लागते. तुमच्याकडे उंदीर खातील."

गेटबाहेर आले आणि चालत सुटले. बस आली, गेली. मी चालतच होते. उंदीर. आमच्या घरात आजीची गाणी आईपर्यंत आली, आईकडून माझ्यापर्यंत. एकही उंदरानं खाल्लं नाही. माणसानं खाल्लं. हे मला तिथं, त्याच्या तोंडावर सुचलं नाही, रस्त्यात सुचलं. म्हणून जास्त राग आला. स्वतःचाही.

माझ्याबरोबरच्या एका नर्सचा नवरा देवळाली कॅम्पात फौजी. त्याच्याकडं छोटा कॅमेरा होता. तो मागून घेतला, सुट्टी टाकली, जीपनं गावी गेले. आई चपला घालून, रोजचं पातळ नेसून, ओट्यावर बसून गायली. आधी स्वतःचं नाव सांगितलं, आईबापाचं सांगितलं, पाड्याचं सांगितलं. मग गाणं.

आता ते पाड्यांवर पोचवायचं होतं. आमच्याकडं मोबाईलला रेंज नव्हती, पण टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर बऱ्याच घरांत आले होते. डिस्क करून वाटायच्या. तेव्हा कळलं, माझा कॉम्प्युटर डीव्हीडी वाचतो, लिहीत नाही. लिहायला बर्नर लागतो. दुकानात त्याला रायटर म्हणतात.

ड्युटी सुटल्यावर तशीच कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. माझ्याआधी एक बाई होत्या, माझ्याहून खूप मोठ्या. दुकानदार त्यांना मॅडम म्हणत होता. माझी पाळी आली.

"बोला मावशी, काय पाहिजे?"

मी पंचविशीतली. त्यानं माझा रंग बघितला होता, गोंदण बघितलं होतं.

"डीव्हीडी रायटर."

"कुणी पाठवलंय? साहेबांना फोन लावून द्या, मी विचारतो त्यांना."

"मलाच पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरला."

त्यानं शेजारच्या माणसाकडं बघितलं. "पिक्चर कॉपी करून विकणार का गावाकडं?" दोघं हसले. मग मला, "आयडीई का साटा?"

"म्हणजे?"

"म्हणजे समजणारं कुणीतरी घेऊन या बरोबर."

मी बाहेर आले. पायरीवर उभी राहिले. घरी जावं की परत आत जावं, ठरेना. त्या मॅडमना त्यानं विचारलं नव्हतं, कशाला पाहिजे म्हणून. त्यांनाही काय माहीत होतं? त्याच म्हणत होत्या, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा. त्यांचं न कळणं चाललं. माझं न कळणं म्हणजे माझी जात.

खोलीवर आले, कॉम्प्युटरचा प्लग काढला, डबा उघडला. धूळ होती. आतल्या डीव्हीडी ड्राइव्हचे स्क्रू काढले, मागची रुंद, चपटी करडी पट्टी ओढून काढली. मोडलं तर मोडलं. ड्राइव्ह आणि पट्टी उशीच्या खोळीत गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर नेऊन ठेवली.

"याच्या जागी बसेल असा द्या."

"आयडीई," तो रुंद पट्टी बघून म्हणाला. खालून एक खोका काढला. सील फाटलेलं. "हा घ्या. तुमचं काम होऊन जाईल."

"सील फुटलेला नको."

"अहो, चालू आहे. गावाकडं वापरायला काय करायचाय नवीन?"

"तुमच्या घरी वापराल हा?"

त्यानं खोका परत खाली ठेवला. मागं फळीवर आणखी खोके होते. मी एकेक मागितला. फरक विचारला. एकदा कळलं नाही, पुन्हा विचारला. रांगेतला माणूस चुळबुळ करत होता. करू दे. एका खोक्यावर वेगळं चित्र होतं. हे काय, म्हटलं.

"तो डिस्कच्या पाठीवर नाव कोरतो, लेसरनं. डिस्कही वेगळी घ्यावी लागते, उलटी घालून कोरायची. महाग पडतं. तुम्हाला काय उपयोग? मार्करनं लिहा."

"हाच द्या."

"मावशी, नाव कोरून काय करणार?"

"मावशी म्हणू नका. मी तुमची मावशी नाही. हाच द्या, आणि त्याच्या डिस्क द्या."

माझा आवाज चढला होता. दुकान थांबलं. मला वाटलं, आता बाहेर काढतील. त्यानं खोका खाली घेतला. बिलावर नावाच्या जागी 'कॅश' लिहायला लागला. मी हात आडवा घातला.

"नाव लिहा. मी सांगते तसं."

पूर्ण नाव सांगितलं. बापाचं, आडनाव, सगळं. त्यानं लिहिलं.

बर्नर जुन्याच्या जागी मीच बसवला. पहिल्या काही डिस्क वाया गेल्या. घाई केली, मध्येच बंद पडल्या. मग स्पीड कमी ठेवून जमलं. शेवटी उलटी घालून कोरली. हळूहळू, करडी करडी अक्षरं उमटली : सोनाबाई गावित. गावी आईच्या हातात दिली. तिनं डिस्क उन्हात तिरकी धरली, नाव शोधलं, बोट फिरवलं.

"बारीक हाय," म्हणाली. "मोठा कर."

केलं. पाड्यापाड्यावर डिस्क गेल्या. सरांनाही कळलं. फोन आला. "हे माझ्या प्रकल्पाचं नुकसान आहे. मी तुम्हाला जगासमोर आणलं आणि तू हे करतेस?"

"सर, गाणं तुमच्या आधी होतं."

त्यांनी फोन ठेवला. पण उन्हाळ्यात आले. आमच्या पाड्यावर लग्न होतं. हळद लागत होती, आई मांडवात गात होती. सर गाडीतून उतरले, कुणाला काही न विचारता कॅमेऱ्याची तिवई मांडली. मी उठले आणि भिंगासमोर उभी राहिले.

"सर, आधी विचारा. तिला विचारा. नाव घालणार का, कॉपी देणार का, ते सगळ्यांसमोर सांगा. मग लावा."

"बाजूला हो. विधी चाललाय."

"आमचाच चाललाय."

आईनं गाणं थांबवलं नाही. मांडवातली माणसं बघत होती. काहींना माझं पटलं नाही, मोठ्या माणसाशी असं बोलतात का, असं चुलते नंतर म्हणालेच. सरांनी थोडा वेळ वाट बघितली. मी हलले नाही. त्यांनी तिवई मिटली आणि गेले.

त्यानंतर शहरातून आईला बोलावणं आलं नाही. एकही नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या बाईला आता स्टेजवर बसवतात, सतरंजीवर, अनवाणी, असं ऐकते. तिचंही नाव छापत नसतील. ती कोण, ते मी शोधते आहे. तिच्याकडं जाणार आहे, आणि आमच्या बाजूच्या प्रत्येक गाणाऱ्या बाईकडं. त्यांना सांगणार आहे की नाही म्हणता येतं.

आणि माझ्यासमोर कुणी न विचारता कॅमेरा चालू केला, तर मी तो बंद करणार. विनंती करून नाही. हातानं.