एकट्याचा फोटो

अण्णा लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की सत्तरीच्या पुढची माणसं जागा बदलायची. कोणी खांबाच्या आड सरकायचं, कोणी नातवाला ओढून मांडीवर घ्यायचं, कोणी शेजारणीचा हात घट्ट धरून बसायचं. अण्णांच्या कॅमेऱ्यात एकट्यानं सापडायचं नाही, एवढाच उद्देश. हुबळीतल्या एका लग्नात नवऱ्यामुलाची आजी पदर तोंडावर ओढून म्हणाली, "ब्याडप्पा, नंदु तगीब्याड." नको रे बाबा, माझा काढू नकोस. अण्णांनी कॅमेरा खाली घेतला, आजीला वाकून नमस्कार केला आणि सरळ बाहेर जाऊन चहा घेत उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले. "मी आता काढत नाही हो बाई," ते म्हणाले. "पण लोकांना कुठं माहीत आहे?"

अनंतअण्णा हुबळीच्या कडेला, उणकलला आमच्या शेजारी राहायचे. त्यांचा स्टुडिओ दुर्गदबैलच्या बाजारातल्या एका बोळात, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. पासपोर्ट, बारशी, मुंजी, लग्नं, जे येईल ते काम. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून तळ्यावर बगळे टिपत बसते. माझे बगळे मी पहिल्यांदा त्यांना दाखवायला नेले, तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत. पण एकाही बगळ्यानं तुम्हाला ओळख दिलेली नाही." मला राग आला होता. मग त्यांच्या बायकोनं, सुमित्राअक्कांनी, आतून गरम उप्पीट आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ह्यांचं मनावर घेऊ नका. मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी खिडकीतला उजेड बघितला, मग मला."

नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स आली की अण्णांच्या दोन परीक्षा ठरलेल्या. पहिली बाजारात. धान्याच्या एका जुन्या दुकानाची पत्र्याची पाटी होती, तिच्यासमोर भर गर्दीत ते कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून उभे राहायचे. हातगाडीवाले ओरडायचे, रिक्षावाले शिव्या द्यायचे, अण्णा ढिम्म. पाटीच्या मधली अक्षरं कुठलीही लेन्स दाखवते, कोपऱ्यातली दाखवली तर खरी, असं त्यांचं म्हणणं. "कंपनी काही का सांगेना, मला दुर्गदबैलनं सांगू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरी परीक्षा घरात. अक्कांना खिडकीशी बसवायचं आणि अगदी जवळून त्यांचा एक डोळा टिपायचा. पापणीचा केस न केस वेगळा दिसला की लेन्स पास. परीक्षेचे फोटो ते लगेच पुसून टाकायचे. अक्कांचा सबंध चेहरा त्यांनी कधी काढला नव्हता, कारण अक्का कायम त्यांच्या पाठीमागे दिवा धरून उभ्या असायच्या.

त्यांचं जीव लावून केलेलं काम मात्र वेगळंच होतं, आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो लागावा लागतो. मग घरचे धावत स्टुडिओत येतात, हातात कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो. त्यातलं नखाएवढं डोकं कापायचं, मोठं करायचं, खांद्यावरचा परका हात पुसायचा. अण्णांना ह्याचा मनापासून वीट आला होता. "जन्मभर राबलं माणूस, आणि भिंतीवर गेलं ते दुसऱ्याच्या लग्नात घाम पुसताना," ते म्हणायचे. म्हणून प्रत्येक लग्नात पंगती उठल्यावर ते मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांपैकी एखाद्याचा एकट्याचा फोटो काढून ठेवायचे. चेहरा निवांत असताना, चांगल्या उजेडात, त्या माणसाला पत्ताही न लागू देता. पुढे कधी घरचे आले की हा फोटो त्यांच्यापुढे ठेवायचा. तो बघून बायाबापड्यांना स्टुडिओतच हमसून रडताना मी पाहिलं आहे. याहून चांगलं काम फोटोवाल्याच्या हातून होणार नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

स्पर्धेची कल्पना माझी. शहरातल्या एका हौशी मंडळानं व्यक्तिचित्रांची स्पर्धा ठेवली होती. अण्णा तयार नव्हते. "स्पर्धा घोड्यांची असते हो बाई, चेहऱ्यांची काय लावायची?" मी हट्टच धरला. विड्याचं पान हातात घेऊन स्वतःशीच हसणाऱ्या एका आजीचा फोटो मी निवडला, त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मंडळानं अण्णांच्या अशा निवडक फोटोंचं प्रदर्शनच भरवलं. फोटोतल्या माणसांच्या घरी आम्ही निरोप पाठवले.

पहिल्याच सकाळी त्या आजीचा नातू आला. फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. आजी मागच्या महिन्यात गेली म्हणाला, बाहेर गेला, शेवंतीचा हार घेऊन आला आणि कोणाला न विचारता फ्रेमला घातला. मग दुसरं कुटुंब आलं. त्यांचे आजोबाही गेलेले होते. त्यांनीही हार आणला. दुपारपर्यंत एक सोडून सगळ्या फ्रेमना हार पडले होते. हॉलमध्ये उदबत्तीचा वास भरला. बघायला आलेली माणसं आपसूक चपला बाहेर काढू लागली. बिनहाराची राहिलेली फ्रेम एका निवृत्त रेल्वे गार्डची होती. तिसऱ्या प्रहरी ते स्वतःच आले, काठी टेकत, इस्त्रीचा शर्ट घालून. आपला फोटो पाहिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हसले. "अरे, माझाच राहिला की." "फोटो झकास आलाय, घरी पाठवून द्या," असं अण्णांना सांगून ते गेले. प्रदर्शन संपायच्या आत त्यांचा मुलगा हार घेऊन आला.

तेव्हापासून लोक बोलायला लागले. मला चीड आली. मी अण्णांच्या घरी जाऊन त्यांना शाळेतल्या पोरासारखं समजावलं. तुम्ही म्हाताऱ्या माणसांचेच फोटो काढले, म्हातारी माणसंच गेली, ह्यात नवल कसलं? ते ऐकून घेत होते. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

"बाई, हॉलमध्ये म्हातारी माणसं पुष्कळ असतात," ते म्हणाले. "मी सगळ्यांचे काढत नाही."

"मग कोणाचे काढता?"

"जो चेहरा वर येतो त्याचा. बाकीची माणसं जरा पुसट होतात आणि एकच लख्ख दिसतो. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच. मला वाटायचं, सगळ्याच फोटोवाल्यांना असं दिसत असेल."

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, आणि माझ्या अंगावर काटा आला. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसतं "साकु री" म्हटलं, पुरे झालं आता, आणि कप उचलून आत नेले.

त्या दिवसापासून अण्णांनी एकट्याचा फोटो काढणं बंद केलं. लग्नात ते मांडवाकडे तोंड करून उभे राहायचे आणि मागच्या खुर्च्यांकडे वळूनही पाहायचे नाहीत. घरातली परीक्षाही थांबली. नवी लेन्स आली की फक्त बाजारातली पाटी. अक्का माझ्यापाशी चेष्टेनं तक्रार करायच्या, "ह्यांना तुरीच्या पोत्याचा फोटो चालतो, बायकोचा चालत नाही." अण्णा हसायचे नाहीत. एकदा त्या गॅलरीत केस वाळवत उभ्या होत्या, आणि अण्णा हातातली लेन्स टेबलावर ठेवून चक्क भिंतीकडे तोंड करून बसलेले मी पाहिले.

पुढे अक्कांचं पोटाचं दुखणं निघालं. हुबळीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं तपासून अण्णांना बाजूला घेतलं आणि त्यांना घरी न्या म्हणून सांगितलं. थोडे दिवस आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. थोडे दिवस गेले, महिने गेले. अक्का अंथरुणात नुसत्या चादरीच्या एका वळीएवढ्या उरल्या. चमचाभर पाणीही पोटात ठरेना. दुखायला लागलं की त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि मी हातातलं काम टाकून उभी राहायची. पुण्याला असणारा त्यांचा मुलगा रजा काढून आला, रजा संपली म्हणून गेला, पुन्हा आला. डॉक्टर येऊन नाडी बघायचे आणि जायचे.

जीव कशात तरी अडकलाय, असं बायका म्हणू लागल्या. मग सुरू झालं एकेक. गंगाजल झालं, कुलदेवीचा अंगारा झाला, माहेरची माणसं भेटून गेली, आवडीचं म्हणून धारवाडचा पेढा जिभेला लावून झाला. अक्का सगळं निमूट करून घ्यायच्या. एका दुपारी मी एकटीच जवळ बसले होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता.

"मला माहीत आहे कशात अडकलाय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या कॅमेऱ्यात. तुम्ही सांगा की त्यांना. तुमचं ऐकतात."

मी ह्या असल्या गोष्टी मानत नाही. वर्गात पोरांना मानू देत नाही. तरीही मी उठले आणि अण्णांना शोधत गच्चीवर गेले. ते पाण्याच्या टाकीपाशी बसले होते.

"अक्का फोटो काढा म्हणतात," मी म्हटलं.

"माहीत आहे. रोज म्हणते."

"मग काढा की."

"फोटो नाही तोवर ती आहे, बाई." हे ते इतक्या साध्या आवाजात बोलले, की मला त्यांची भीती वाटली. "खोलीत गेलो की भिंत पुसट होते, पलंग पुसट होतो. ती एकटीच लख्ख दिसते. किती महिने झाले तशीच दिसते. मी हात पाठीमागं बांधून आत जातो."

माझा संयम सुटला. "अण्णा, खाली काय चाललंय ते ऐकू येतं ना तुम्हाला? तुम्हाला अक्का हव्यात, का त्यांचं दुखणं चाललं तरी चालेल?" मी बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. ते टाकीकडे बघत राहिले. मी घरी आले आणि दार लावून रडले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अक्का गेल्या.

फोटो काढला असणार, असं मी धरून चालले होते. पण तेराव्याला भिंत रिकामी होती. गुरुजींनी विचारलं, माहेरच्यांनी विचारलं, मुलगा तर चिडलाच. जन्मभर गावाचे फोटो काढले आणि आईचा एक नाही? मुलानं शेवटी पाटावर तांदळाची रास घालून सुपारी मांडली आणि तिच्यावर फुलं वाहिली.

नंतर त्यांनी स्टुडिओ आवरला, कॅमेरे विकले आणि मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ते आमच्याकडे आले. सामान रिक्षात चढत होतं. ते आत आले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले.

"एवढं सांगून जातो, बाई. तुम्ही त्या दिवशी बोललात ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला उशीला टेकवून बसवली, केस विंचरले. पण कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ठेवलं होतं. म्हटलं, हिचं समाधान होईल आणि फोटोही निघायचा नाही. म्हणजे ही राहील. बायकोला फसवायला निघालो होतो मी."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, त्याला मुलानं गप्प केलं.

"काढतोय बघ, म्हणून बटण दाबलं. ती म्हणाली, बघू दे. मी घाबरलो. मागची स्क्रीन काळीभोर, वर 'कार्ड नाही' एवढीच अक्षरं. पण तिनं हात पुढं केला, मग द्यावाच लागला. दोन्ही हातांत धरून बघत बसली. किती वेळ बघत होती! एकदा बोटानं स्क्रीनवर कुंकू नीट करावं तसं केलं. मग हसली."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, छान आलाय हो. ह्याच्यात मला दुखत नाहीये."

अण्णांनी हात जोडले आणि ते रिक्षात जाऊन बसले.