सराफाच्या दुकानातला समुद्री मासा

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. अशा माणसाने समुद्री माशाच्या डोळ्यांवर लिहिणं आगाऊपणाचंच आहे. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं.

जळगावात मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. एका सराफाच्या शोरूममध्ये खाऱ्या पाण्याचा मोठा टँक होता, त्यात एकच पिवळा एंजल मासा. त्याचे डोळे बिघडले म्हणून शेठने आमच्या सरांना फोन केला आणि सरांनी मला पाठवलं. टँक सांभाळायचे दुकानातले जुने नोकर, नाना. ते धुळ्याकडचे, मी साक्रीचा. बोली एकच, म्हणून मला जरा धीर आला. तो पहिल्या पाच मिनिटांतच गेला. साक्रीच्या नाल्यात उन्हाळ्यात बेडूकही टिकत नाही आणि तिथून दर्याचा डॉक्टर आला, असं ते सगळ्या सेल्समनसमोर म्हणाले. सगळे हसले.

माशाचे दोन्ही डोळे दुधाळ होऊन बाहेर आले होते. एकच डोळा सुजला असता तर मासा दगडावर आपटला असेल असं म्हटलं असतं. दोन्ही एकदम बिघडले की आधी पाण्यावर संशय घ्यायचा, एवढं मला ठाऊक होतं. तपासलं तर पाण्याचा खारटपणा फार वाढलेला. नानांनी औषध म्हणून घरचं मीठ मूठमूठ टाकलं होतं. गोड्या पाण्यातल्या माशांना ते तसंच करायचे. हे मी शेठला सांगितलं, आणि तेही नानांसमोर. त्या दिवसापासून मी दुकानात शिरलो की नाना बसायचं स्टूल उचलून आत नेऊन ठेवत.

मासा मागच्या खोलीत वेगळ्या टबात काढला. समुद्री मिठाचं ताजं पाणी, सुजेवर मोजून एप्सम सॉल्ट, रोज थोडं पाणी बदलणं. आठ-दहा दिवसांत सूज उतरली, डोळ्यांवरचा पडदा विरत गेला. तोवर टँकमधलं पाणीही नीट केलं होतं. मासा परत सोडला आणि आठवड्याच्या आत डोळे पुन्हा धुरकट. या साक्रीच्या पोराने टबात माशाला काहीतरी पाजलं, असं नानांनी शेठच्या कानावर घातलं.

म्हणून एका सकाळी शटर उघडायच्या वेळेला जाऊन उभा राहिलो. टँकशेजारीच देव्हारा होता. नानांनी धुपाटणं पेटवलं, त्यात राळ टाकली आणि दाट धूर झाला. टँकचा हवेचा पंप देव्हाऱ्याखालच्या उघड्या फळीवर होता. तो तीच हवा ओढून पाण्यात सोडत होता.

शेठ आल्याबरोबर मी त्यांना पंप दाखवला.

"धूप बंद करू नका, शेठ. फक्त पंप तिकडे खिडकीपाशी न्या."

शेठ काही बोलायच्या आत नाना माझ्या अंगावर आले. "देवना धूप कोनले बाधस रे? दोन बुकं वाचात ते देव खोटा व्हई गया का?"

शेठने मला दार दाखवलं. मी दुकानात देवाची निंदा केली, अशी तक्रार दुपारपर्यंत सरांकडे गेली. सरांनी माझी बाजू विचारली नाही. पुन्हा तिथे जायचं नाही, एवढंच सांगितलं. मला त्या तिघांचा राग आला, तो अजून गेलेला नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या सकाळी शेठ यायला अर्धा तास होता. नाना पाणी भरायला मागे गेले होते. पंप उचलून खिडकीपाशी ठेवणं माझ्या हातात होतं. मी ठेवला नाही. माशाच्या डोळ्यांपेक्षा, मी बरोबर आहे हे नानांच्या समोर शेठच्या तोंडून ऐकायची मला जास्त घाई होती.

दिवाळीच्या सुट्टीत साक्रीच्या बाजारात वडिलांबरोबर कांद्याची पोती उतरवत होतो, तेव्हा नानांचा फोन आला. ख्यालीखुशाली त्यांनी विचारली नाही.

"मासा मरी गया," ते म्हणाले. "पंप खोला ते मझार बठ्ठी काजळी." म्हणजे आत सगळी काजळीच होती. "आते खूश शे ना?"

आणि फोन ठेवला.