सवाल आहे, वकीलसाहेब!

म्युनिसिपालिटीत उभा जन्म काढलेल्या माणसाकडे किस्से जमत नसतात बरं का, ते साचतात. गटारीतल्या गाळासारखे! आणि उपसायला कोणी येत न्हाई. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर थोडा उपसतो.

गावाचं नाव सांगत न्हाई. जुन्या जालन्यातून मोटार जाफराबादच्या रस्त्याला लागली की वाटेत कुठंतरी आमचा कसबा. पोलीस ॲक्शन होऊन गेल्ती, निजामाचा अंमल संपला होता आणि लोकांनी पहिल्यांदाच मतं टाकून म्युनिसिपालिटीची कमिटी निवडली होती. मी तिथं कारकून. मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसायचं आणि कोण काय बोललं ते लिहायचं, हे माझं काम.

अध्यक्ष होते भाऊसाहेब वकील. काळा कोट, काखेत छत्री आणि तोंडात कायदा. आधीच्या काळात कमिटी सरकारच नेमायचं. तेव्हा सरकारी साहेब बोलायचे आणि बाकीचे माना हलवायचे. वकीलसाहेबांना वाटलं, आताही तसंच चालंल.

पहिल्याच मीटिंगला यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. सगळ्या कमिटीत एकटी बाई. नवरा वारलेला, जमीन स्वतः कसायच्या, आवाज असा की मोट हाकणाऱ्या गड्यानं बैल थांबवावेत.

"सवाल आहे, वकीलसाहेब! रस्त्यावरचे कंदील फक्त तुमच्याच गल्लीत का जळून राह्यले?"

माझा टाक हवेतच थांबला. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, सवाल असा तोंडी विचारता येत नाही. नियम आहे. लेखी द्यावा लागतो."

यमुनाबाई म्हणाल्या, "अंधार काय आम्हाला लेखी दिल्ता का?"

* * *

कमिटीचे सेक्रेटरी मोईनसाहेब. निजामाच्या काळापासूनचे. शेरवानी, पांढरी दाढी, मोत्यासारखं अक्षर. पण सगळं उर्दूत! सवालाचे जवाबही तेच वाचून दाखवायचे. एक दिवस पाण्याच्या टाकीबद्दल सवाल होता. मोईनसाहेबांनी लांबलचक जवाब वाचला. वाचून संपला तरी कोणी हललं न्हाई, कारण अर्ध्या लोकांना तो संपला हेच कळलं न्हाई.

यमुनाबाई म्हणाल्या, "जवाब बिलकुल बराबर असंल साहेब, पण आमच्या डोक्यात उतरला पाहिजे ना!"

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण सदस्यांमध्ये किसनशेट आडतवाले होते, त्यांना जोर चढला. टेबलावर थाप मारून म्हणाले, "ही भाषा आता चालणार न्हाई. ज्याला जमत न्हाई त्यानं बोऱ्याबिस्तर उचलावा. हैदराबादची मोटार रोज सुटते!"

ते दिवस कसले होते, तुम्हाला सांगायला नको. एका शब्दावरून माणसं घर सोडून गेल्ती. मोईनसाहेबांचा मोठा भाऊ तसाच गेल्ता, परत आला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. किसनशेटलाही.

मोईनसाहेबांनी दौतीचं झाकण लावलं. कागद नीट रचले. उठले आणि बाहेर गेले. वकीलसाहेब खाली मान घालून बसले. आम्ही समजलो, गेले. मला काम शिकवलं ते ह्याच माणसानं.

थोड्या वेळानं दार ढकललं गेलं. मोईनसाहेब! हातात शाळेतल्या पोरांची पाटी आणि पेन्सिल. ते सरळ यमुनाबाईंपुढं गेले, पाटी ठेवली आणि अदबीनं म्हणाले, "बाईसाहेब, सवाल आपने किया है, तो सिखाना भी आप ही को पडेगा. जरा अ काढून दाखवा."

यमुनाबाई पाटीकडं बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "साहेब, मलाच कुठं येतो!"

किसनशेट सोडून सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस उघडायच्या आधी दोघं एकाच पाटीवर शिकायला लागले. शिकवायला अर्थातच मी!

* * *

सरकारनं गावासाठी एक रेडिओ दिला. बॅटरीवर चालणारा, कपाटाएवढा. लोकांनी एकत्र बसून बातम्या ऐकाव्यात, शेतीची माहिती ऐकावी म्हणून. आला तसा तो वकीलसाहेबांच्या ओसरीवर गेला आणि तिथंच राह्यला. त्याच्या पेटीची किल्ली वकीलसाहेबांच्या जानव्याला!

मीटिंगमध्ये सवाल झालाच. "गावचा रेडिओ तुमच्या ओसरीवर का?"

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "सुरक्षिततेसाठी. आणि माझी ओसरी सर्वांना खुली आहे. ज्याला ऐकायचं त्यानं यावं."

"सर्वांना?" यमुनाबाईंनी विचारलं.

"सर्वांना."

"लिहून घे रे," त्या मला म्हणाल्या. मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यमुनाबाई आपल्या आळीतल्या झाडून साऱ्या बायका घेऊन ओसरीवर हजर! कडेवर लेकरं, हातात निवडायची तूर, कोणी तर रडकी शेळीही आणलेली. वकीलसाहेबांचे अशील आत यायला जागा न्हाई. बातम्या देणारा दिल्लीहून बोलून राह्यला आणि इकडं लेकरं बोलून राह्यलेत, शेळी बोलून राह्यली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायला गेलो तर पायरीवर रेडिओ. त्यावर किल्ली. आणि शेजारी वकीलसाहेबांचा गडी, घामाघूम. म्हणाला, "मालकांनी सांगितलं, घेतल्याची सही नंतर द्या, पण आधी आत घ्या!"

* * *

आमच्या देवीची यात्रा मोठी. लांबलांबची माणसं यायची. एका वर्षी यात्रेच्या तोंडावर जवळच्या खेड्यात पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली. रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात रडणं. यमुनाबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, "इतकी माणसं येणार. पाणी कुठलं पिणार? आजारी पडली तर बघणार कोण? यात्रा कमिटी भरवती ना, मंग जवाब कमिटीनं द्यावा."

किसनशेट भडकले. त्यांची यात्रेत दुकानं असायची. "यात्रा बंद करता काय? देवी खपवून घेणार न्हाई!"

वकीलसाहेबांनी मधला मार्ग काढला. यात्रा भरंल, पण वेशीवर सुई टोचून घेतल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं न्हाई. जालन्याहून डॉक्टर आले, वेशीपाशी तंबू लागला.

आणि गावात कोणीतरी आवई उठवली की सुईनं माणूस मरतो.

यात्रेच्या सकाळी वेशीबाहेर गर्दी दाटली. मागचे पुढच्यांना ढकलून राह्यले. एक धोंडा आला आणि डॉक्टरच्या टेबलावरची बाटली फुटली. डॉक्टर बिचारा तरणा मुलगा, तो तंबूत आत सरकला. यमुनाबाई टेबलापुढं उभ्या राहिल्या. "मारायचा तर मला मारा," म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. आणखी एक धोंडा आला, त्यांच्या खांद्याला लागला. त्या हलल्या न्हाईत.

तेवढ्यात आतल्या बाजूनं देवीचा म्हातारा गुरव आला. कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. गर्दी आपोआप शांत झाली. सगळ्यांना वाटलं, आता हा तंबू मोडायला लावणार. गुरव टेबलापाशी आला, बंडीची बाही वर केली आणि डॉक्टरला म्हणाला, "टोच."

डॉक्टरनं टोचलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "गुरवबाबा, तुमचाबी देवीवर भरवसा न्हाई का?"

दंड चोळत गुरव म्हणाला, "देवीवर पुरा हाय रे! पण नैवेद्य तुमच्या हातून येतो, त्या हातांवर न्हाई!"

* * *

आता सखाराम मिस्त्रींचं सांगतो. महारवाड्यातून निवडून आलेले सदस्य. गवंडीकाम करायचे. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या, पण त्या भिंतींच्या आत त्यांना बोलावणं नसायचं. मीटिंगमध्ये कमी बोलायचे.

मीटिंगला समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. सगळ्यांना कपबशा. आणि एक कान तुटलेला कप वेगळा, खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेला. तो कोणाचा, हे कोणी कधी बोललं न्हाई. सखाराम मिस्त्री दर वेळी हात जोडून सांगायचे, "मला चालत न्हाई. पित्त होतं." आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटायचं. मलाही वाटायचं.

एक दिवस पोऱ्यानं नेहमीसारखा चहा ओतला. सखाराम मिस्त्री उठले. कोनाड्यातला तो कप घेतला, वकीलसाहेबांच्या पुढं टेबलावर आणून ठेवला.

"सवाल आहे, वकीलसाहेब. ह्या कपाचा ठराव कोणत्या मीटिंगमधी झाला?"

किसनशेट म्हणाले, "मिस्त्री, उगं विषय काढू नका. आजवर बराबर चाललंय."

सखाराम मिस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलंही न्हाई. "मी अध्यक्षांना विचारून राह्यलो. ठराव झाला असंल तर दाखवा. मी वाचतो. मला वाचता येतं. आणि एक सांगतो, मला पित्त होत न्हाई. कधीच झालं न्हाई."

वकीलसाहेबांच्या कपाळावर घाम. किसनशेट त्यांच्याकडं टक लावून बसले होते, कारण किसनशेटच्या आधारावर वकीलसाहेबांची खुर्ची उभी होती. मोईनसाहेबांनी आपला चहा बाजूला सारला. यमुनाबाईंनीही.

शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "असा ठराव झालेला नाही."

"मंग हा कप बिनठरावाचा हाय," सखाराम मिस्त्री म्हणाले आणि तो कप त्यांनी खिडकीतून बाहेर टाकला. खाली फरशीवर फुटल्याचा आवाज आला.

किसनशेट ताडकन उठले. वकीलसाहेब माझ्याकडं वळले. आवाज बारीक झाला होता, पण शब्द न् शब्द नीट होता. "लिहा. बिनठरावाची वस्तू सभागृहातून काढून टाकण्यात आली. पुढचा विषय!"

* * *

पुढचा विषय सखाराम मिस्त्रींचाच होता. ऑफिसच्या आवारातली विहीर.

"ती सार्वजनिक हाय का?"

"कायद्यानं सार्वजनिकच आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"मंग उद्या सकाळी माझ्या घरची माणसं पाणी भरायला येतील. कमिटीला कळवून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. आवारात माणसं आधीच जमली होती. काहींच्या हातात काठ्या. पुढं किसनशेट. विहिरीजवळ गेलो तर रहाटावर दोर न्हाई, पोहरा न्हाई! काढून नेला होता. माणसं एकमेकांकडं बघून हसून राह्यली. मोईनसाहेब पायरीवर उभे होते, चेहरा उतरलेला. यमुनाबाई आल्या, त्या सरळ जाऊन विहिरीच्या कठड्याला टेकल्या.

वकीलसाहेब येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. छत्री उघडी, कोटाची बटणं वरखाली लावलेली. ते रहाट आणि जमाव यांच्या मधोमध येऊन थांबले.

किसनशेटनं विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही कोणाच्या बाजूनं?"

"मी विहिरीच्या बाजूनं उभा आहे," वकीलसाहेब म्हणाले. छत्री अशी थरथरत होती की तिची सावली खाली नाचून राह्यली होती.

मग सखाराम मिस्त्री आले. बरोबर त्यांची आई. वाळलेली, कमरेत थोडी वाकलेली म्हातारी, डोक्यावर घागर. फाटकापासून विहिरीपर्यंत माणसांच्या मधून वाट होती, एका माणसापुरती. म्हातारी पुढं, लेक मागं. एकानं काठी आडवी धरली. म्हातारी थांबली, काठीकडं बघितलं, मग त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं. ओळखीचा निघाला असावा. "तुझ्या टायमाला सुईण मीच होते रे," ती म्हणाली. काठी खाली गेली.

रहाटाशी आली. दोर नव्हता. मागून कोणीतरी हसलं.

म्हातारीनं घागरीत हात घातला आणि आतून दोर काढला. नवा, सुताचा, नीट गुंडाळलेला. लेकानं पुढं होऊन तो घ्यायला हात केला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. स्वतः रहाटावर दोर चढवला, घागरीला फास दिला आणि खाली सोडली. आवारात फक्त रहाटाचा आवाज. ती ओढत होती, दम खात होती, परत ओढत होती. कोणी मदतीला गेलं न्हाई, आणि तिनं कोणाकडं बघितलंही न्हाई.

घागर वर आली. काठोकाठ. तिनं ती कठड्यावर टेकवली, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्याली. तोंड पुसलं. मग त्या सगळ्या जमावाकडं वळून, घरी आलेल्या पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं, "उन्हात कवाचे उभे राह्यलेत. कोणाला पाणी पाहिजे का?"

कोणी पुढं आलं न्हाई. किसनशेट जमिनीकडं बघून राह्यले.

म्हातारीनं थोडा वेळ वाट बघितली. मग घागर उचलून डोक्यावर घेतली, दोर खांद्यावर टाकला.

"आज न्हाई? बरं, उद्या या," ती म्हणाली. "आम्ही रोजच येनार हाव."