विचारल्याशिवाय हात नाही

सोलापूरच्या दवाखान्यात आमचे अण्णा बेशुद्ध होते. त्यांचं अंग पुसणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, “घरात कंची भाषा बोलता?”

“तेलुगू.”

तेव्हापासून कूस बदलण्याआधी त्या अण्णांना मोडक्या तेलुगूत विचारायच्या आणि उत्तरासाठी क्षणभर थांबायच्या.

मेंदूच काम करत नाही, तर ऐकणार कोण, असं डॉक्टर म्हणाले. मी ते मावशींना सांगितलं.

“आसंल. पर मी इचारल्याबिगर हात लावणार न्हाय.”

एकदा खाटेपाशीच मी भावाला फोनवर म्हणालो, “आता काही राहिलं नाही. पाहुण्यांना कळवून टाक.”

मला मात्र मावशींनी न विचारता दंडाला धरून बाहेर काढलं. दार लोटलं. आतून त्यांची मोडकी तेलुगू ऐकू आली. पोरगं घाबरलंय, मनावर घेऊ नका, असं त्या अण्णांना सांगत होत्या.