गणराजची बोंब

दिघीत आमची पिठाची गिरणी आहे. दिवसभर तिच्या घरघरीत ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय, की मी हळू बोलले तरी समोरच्याला वाटतं सुमनताई भांडतेय. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी भांडत नाहीये. मी माझ्या भावाबद्दल सांगतेय. त्याला कुणी वाकडं बोललं तर मात्र भांडेनही.

गणराज माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचे अण्णा आष्टीकडून इकडं आले आणि पिंपरीतल्या एका फाउंड्रीत लागले. पिंपळे गुरवला दोन खोल्या होत्या, तिथंच आम्ही वाढलो. अण्णांच्या पगारात एकालाच पुढं शिकवणं जमणार होतं. मी दहावी झाले आणि म्हणलं, याला शिकवा. उगाच कुणी डोळ्यात पाणी आणू नका, मला मुळात गणिताचा कंटाळा होता. त्यानं डिप्लोमा केला, मग डिग्री केली, चाकणला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या एका कंपनीत लागला आणि चढत चढत सीनियर मॅनेजर झाला. पॅकेज तीस लाखांच्या वर. हे पॅकेज आमच्या सगळ्या भावकीला तोंडपाठ. त्याच्या पोराचं नाव विचारा, अडखळतील.

तर हा एवढा मोठा साहेब, पण रडका! एक नंबरचा रडतराऊत. आणि रडायचा विषय एकच, टॅक्स. इतर लोक होळीला बोंब मारतात ती घटकाभर. आमच्या गणराजची जानेवारीत सुरू व्हायची आणि मार्च संपला तरी घसा बसायचा नाही.

होळीची पुरणपोळी दरवर्षी माझ्याकडं. अण्णा गेल्यापासूनचा रिवाज. गणराज, त्याची बायको दिव्या आणि पोरगा दुपारीच येतात. ताटावर बसला की आमचे हे मुद्दाम खोडी काढायचे. "काय मेव्हणे, यंदा सरकारनं किती खाल्लं?"

झालं! मग काय विचारता. "दाजी, वर्षातले दोन महिने मी सरकारच्या कामाला असतो, फुकट. पगारावर टॅक्स. उरलेल्यातनं काही घ्यायला गेलो तर जीएसटी. गाडी घेतली तर रोड टॅक्स, रोडवर खड्डे, आणि खड्ड्यांवरून जायला टोल. सोसायटीत नळाला पाणी येत नाही म्हणून टँकर, तेही आपल्याच पैशानं. पोराच्या शाळेची फी ऐकाल तर पोळी घशात अडकेल. मला एक सांगा, मला मिळतं काय?"

"कटाची आमटी मिळते. गप गिळ," मी म्हणायची.

तो हसायचा, आमटी भुरकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिव्या मान खाली घालून जेवायची. तिला ते सगळं पाठ होतं. ती मला एकदा म्हणाली, "ताई, हे झोपेत बडबडले तरी स्लॅबच सांगतात."

लोक मागून हसायचे. महिन्याच्या पन्नास-साठ हजारांत घर चालवणाऱ्या माणसापुढं तीस लाखवाला रडायला लागला तर समोरचा हसणारच, नाहीतर चिडणार. मीसुद्धा चिडलेय. एकदा तोंडावर म्हणलं, "मेल्या, जरा लाज वाटू दे. आमच्या गिरणीत वर्षभर दळलं तरी तुझ्या टॅक्सइतकं पीठ पडत नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या पिंकीच्या नर्सिंग कॉलेजची फी परस्पर भरून आला. मला कळलं ते पिंकीकडून. मी फोन केला तर म्हणतो कसा, "अगं त्याच्यावर टॅक्स सूटसुद्धा मिळत नाही, भाचीची फी धरत नाहीत." म्हणजे दिलं ते दिलं, वर रडलाही!

पण हेच त्याचं खरं होतं. आजवर कुणाला नाही म्हणाला नाही. रडत रडत द्यायचा, पण द्यायचा. अण्णांचं शेवटचं दुखणं त्यानं एकट्यानं काढलं. सोपानकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या घरावरचे पत्रे, कुणाच्या लग्नातलं जेवण. स्वतःसाठी काय घ्यायचा? दोन वर्षं एकच बूट. लोक आपल्या मौजेसाठी काहीबाही करतात. आमच्या गणराजची मौज म्हणजे ती बोंब. पैसा लागत नाही आणि कुणाचं वाईटही होत नाही.

यंदाच्या होळीला तो आला. हातपाय धुऊन ताटावर बसला. मी तव्यावरची पोळी वाढली, वर तूप सोडलं. आमच्या ह्यांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "काय मेव्हणे, यंदा किती खाल्लं सरकारनं?"

गणराज म्हणाला, "चालायचंच, दाजी. देशालाही लागतातच की पैसे."

माझ्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. हे मोठ्यानं हसले, "अरे वा, मेव्हणे सुधारले!" दिव्याही म्हणाली, "हो ना, दोन महिने झाले, अगदी शांत झालेत. घरात टॅक्सचा शब्द नाही." तिला किती बरं वाटत होतं ते तोंडावर दिसत होतं. आणि माझी मात्र तव्यावरची दुसरी पोळी करपली. आत्ता गं बया, म्हणलं, याला झालं तरी काय? अण्णांचंही असंच झालं होतं. जन्मभर चहात साखर कमी म्हणून ओरडणारा माणूस एके दिवशी बिनसाखरेचा चहा मुकाट पिऊन उठला, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं दुखणं कळलं. आमच्या घरात माणूस ओरडतोय तोवर सगळं ठीक असतं.

जेवण झाल्यावर मी कुरडयांचं निमित्त काढलं. "गच्चीवर वाळत घातल्यात, चल जरा, उचलायला हात दे." वर गेल्या गेल्या जिन्याचं दार ओढून घेतलं.

"रिपोर्ट कसले आलेत? खरं सांग."

"कसले रिपोर्ट?"

"आजारी नाहीस? मग टॅक्सवर गप्प का बसलास?"

तो कठड्याला टेकला. गच्चीवरनं लष्कराची मोकळी जमीन दिसते, तिकडंच बघत राहिला. मग म्हणाला, "आक्का, दोन महिने टॅक्सच नाही."

"म्हणजे? सरकारनं माफ केला?"

"पगारच नाही, तर कापतील कशावर?"

कंपनीनं त्याची अख्खी लाइन दुसऱ्या राज्यात हलवली होती. कमी पगाराच्या पोरांना तिकडं नेलं, मोठ्या पगारवाल्यांना बोलावून राजीनामे घेतले. संक्रांतीच्या सुमारालाच. तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी त्याच वेळेला, तीच बॅग, तोच डबा घेऊन घरातून निघत होता.

"जातोस कुठं?"

"चाकणला."

"चाकणला कशाला, मुडद्या?"

"दुसरीकडं कुठं जाणार? गाडी आपोआप तिकडंच वळते. अजिमच्या गॅरेजवर बसतो. तिथनंच फोन करतो, अर्ज पाठवतो."

अजिम म्हणजे आमच्या पिंपळे गुरवच्या गल्लीतला. लहानपणी दोघं एकाच सायकलवर असायचे. पण मला सांगा, चाकणच्या त्या ट्रॅफिकमध्ये लोक पगार मिळतो म्हणून बसतात. पगार नसताना रोज दोन तास जाऊन बसणारा जगात हा एकटाच असेल. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"दिव्याला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? इतकी वर्षं मी नुसता रडत आलो. हे परवडत नाही, ते परवडत नाही, आपण बुडालो. आता खरंच बुडालोय. फ्लॅटचा हप्ता अजून दोन महिने निघेल, पुढं नाही. आणि मी सांगायला गेलो तर ती म्हणेल, झालं यांचं सुरू. मला तिच्या तोंडून ते ऐकायचं नाही, आक्का. आज नाही."

"दोन महिन्यांनी बँकेचा माणूस दारात येऊन सांगेल, ते चालेल का तुला?" मी खरंच ओरडले. खाली ऐकू गेलं असणार, कारण दिव्या जिन्याचं दार लोटून वर आली. "काय झालं हो ताई? भांडताय काय सणासुदीला?"

मी गणराजकडं बघितलं. म्हणलं, "बोल."

तो कठडा सोडून पुढं आला. "दिव्या, माझी नोकरी गेली. आपल्याला फ्लॅट बहुतेक विकावा लागेल."

आणि दिव्या हसली! अगदी मोकळी हसली बिचारी. "झालं यांचं सुरू! मी म्हणतच होते, होळी बोंबेशिवाय कशी जाईल."

गणराजनं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. दिव्यानंही मग माझ्याकडं बघितलं. माझं तोंड बघून तिचं हसू एकदम विझलं.

ती तिथंच कुरडयांच्या चादरीच्या कडेला खाली बसली. मला वाटलं आता भडकेल. भडकली असती तरी चाललं असतं, तिचा हक्क होता. तिनं विचारलं भलतंच.

"मग डबा कोण खायचं?"

"अर्धा मी. अर्धा अजिम."

"मला वाटायचं, हल्ली डबा अगदी चाटूनपुसून रिकामा येतो, म्हणजे कंपनीत कामाचा ताण कमी झाला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "गॅरेजमध्ये कसं बसलात हो तुम्ही दोन महिने?" गणराज तिच्याशेजारी जाऊन बसला. मी कुरडया उचलल्या आणि खाली आले. नवरा-बायकोत तिसऱ्यानं किती वेळ उभं राहायचं?

पुढचं फार लांबवत नाही. मोठी गाडी विकली. दिव्यानं सोसायटीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. मी दर रविवारी पिठाचा डबा पाठवायची, तर हा पैसे द्यायला बघायचा. म्हणलं, ठेव खिशात, आमच्या गिरणीत टीडीएस कापत नाहीत. इतरांना देताना ज्याचा हात कधी अडखळला नाही, त्याला घेताना मान वर करता यायची नाही.

भावकीला खबर लागलीच. एका लग्नात सोपानकाका चार लोकांत म्हणाले, "एवढं पॅकेज होतं, मग पैसा गेला कुठं? उधळला असंल. इमानात फिरला असंल."

मी तिथंच, पंगतीत, म्हणलं, "काका, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुणाच्या पैशानं झालं? ज्या डोळ्यांनी आज जिलेबी दिसतेय ना, त्याच डोळ्यांनी बघा पैसा कुठं गेला ते." काका जिलेबी चावायचे थांबले. आमचे हे मला कोपरानं ढोसत होते, पण माझा आवाज असा, एकदा निघाला की मांडवाच्या बाहेरपर्यंत जातो. जाऊ दे की.

जूनमध्ये त्याला भोसरीतल्या एका लहान कंपनीत काम मिळालं. पगार निम्मा. बसायला केबिन नाही, हाताखाली माणसं थोडी, मालकाचा पोरगा याला नावानं हाक मारतो. हप्त्यांची मुदत कशीबशी वाढवून घेतली, फ्लॅट वाचला. पण गणराज गप्पच. यायचा, जेवायचा, बरंय म्हणायचा, जायचा. ह्यांनी एकदा सवयीनं विचारलं, "काय मेव्हणे, सरकार काय म्हणतंय?" तर नुसता हसला. मी ह्यांना डोळ्यांनीच दटावलं. नोकरी परत आली होती, माझा भाऊ काही परत आला नव्हता.

मग परवा, महिनाअखेरीला, गिरणीत ही गर्दी. दळणाचे डबे दारापर्यंत. फोन वाजला, गणराजचा. या घरघरीत काय ऐकू येणार? पण तो तिकडून ओरडत होता एवढं कळलं. चालू दळणात गिरणी कुणी बंद करत नाही, मी केली. रांगेतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"काय झालं रे?"

"कापले गं आक्का! सात हजार कापले! पहिल्याच पूर्ण पगारात! मी काय घोडं मारलंय यांचं? इथं माणूस जेमतेम उभा राहतोय, पेट्रोल बघ, शाळेनं परत फी वाढवलीय, आणि सोसायटीत आजपण टँकर..."

पिठानं माखलेल्या हातानं डोळे पुसले, त्याचा लगदा झाला. रांगेतली एक जण घाबरून पुढं आली, "सुमनताई, कुणी गेलं का हो?"

"नाही गं," मी म्हणलं, "माझ्या भावाचा टॅक्स कापला." आणि कोनाड्यातली गुळाची ढेप फोडून तिच्या हातावर खडा ठेवला. तिनं तो घेतला खरा, पण तोंड असं केलं, की जणू या बाईला आता डॉक्टरकडं नेलं पाहिजे.

फोनवर गणराजचं चालूच होतं. वर्षातले दोन महिने नाहीत, पण पंधरा-वीस दिवस तरी तो फुकट सरकारच्या कामाला जातो, त्याला मिळतं काय, वगैरे वगैरे. मी पिठाच्या डब्यावर बसले आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही त्याला गप म्हणलं नाही.