तीनशे तीनचा शाफ्ट

शुक्रवारी एमआयडीसीची वीज बंद असते. जेवण झालं की मी वर्कशॉपमध्येच टेबलावर डोकं टेकते. आजही टेकलंय. बाहेर कुणी स्कूटरला किक मारतंय, ती लांब लांब जाते, आणि वीज नसताना मोठं लेथ फिरू लागतं.

लेथवर आप्पा उभे आहेत. माझे वडील. चैत्रात गेले. ते वळून बघत नाहीत.

"कुंदा, होडेकरांच्या बोटीला कुठलं स्टील घातलंस?"

मी म्हणते, तुम्हाला माहीत आहे.

आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हापासून कामं मीच बघत होते. बोटीचा पंखा फिरवणाऱ्या, समुद्रात जाणाऱ्या शाफ्टला ते तीनशे सोळा नंबरचंच स्टेनलेस घेत. ते चिवट, हत्यारं बोथट करणारं. एका शाफ्टला अख्खा दिवस जायचा. मी तीनशे तीन आणलं. दुपारपर्यंत काम हातावेगळं.

"ते भराभर कापलं जातं, कारण त्यात गंधक असतं," आप्पा म्हणतात. "खारं पाणी तिथूनच पोखरतं. शिकवलं नव्हतं तुला?"

"शिकवलंत. गिऱ्हाइकांसमोर ओरडून शिकवलंत. तुमचं ऐकायचा वीट आला होता मला."

लेथखालून पाणी येतं, घोट्यापर्यंत चढतं. ते खारट आहे. आम्ही बोटीच्या इंजिनाशी उभे आहोत, शाफ्ट मधोमध तुटलाय आणि बोट खडकाकडे सरकतेय. मी आप्पांना धरायला जाते, ते हात झिडकारतात.

पाणी ओसरतं तेव्हा खाली हॉस्पिटलची फरशी असते. खाटेवर इक्बालभाई होडेकर, बोट चालवणारे तांडेल. उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट आहे. याच खाटेशी बसून मी त्यांना सांगितलं होतं, की शाफ्ट जुना, आप्पांनीच निवडलेला. त्यावर ते म्हणाले होते, गेलेल्या माणसाला काय बोलायचं.

"मी जिवंत असतो तर हे माझ्यावर ढकललं असतंस?" आप्पा विचारतात.

"नाही."

"मग?"

मी म्हणते, माफ करा.

"मला कशाला सांगतेस? माझा पाय गेलेला नाही."

ते तुटक्या शाफ्टचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवतात, माझी बोटं त्याभोवती मिटवतात आणि आवळतात. हाडं दुखेपर्यंत आवळतात. त्यांच्या चेहऱ्यावर माया नाही.

मी जागी होते. वीज आलीय, पंखा फिरतोय. टेबलावर शाफ्टचा तुकडा नाही. उजव्या तळहातावर मात्र गंजाचा गोल, तांबूस डाग आहे, शाफ्टच्या जाडीएवढा. साबणाने घासते. निघत नाही.

त्याच हाताने इक्बालभाईंना फोन लावते आणि सांगते, शाफ्ट मी निवडला होता. आप्पांनी नाही.

 ते म्हणतात, "थांब. बायकोला बोलावतो. तिच्यासमोर परत सांग."

मी फोन कानाशी धरून थांबते.