भट्टीचा खोकला

डॉक्टरबाईंनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. सांगलीचा दवाखाना. त्या म्हणाल्या, "तुम्हाला एचआयव्हीची लागण झालीय. हा विषाणू शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी करतो. उपचारांवाचून ती फारच खचली, की त्याला एड्स म्हणतात."

त्याआधी बरेच दिवस ताप येत-जात होता. तोंडात पांढरा थर, घास गिळताना आग. हा ओरल थ्रश, म्हणजे तोंडातली बुरशी. बरगडीवर नागीण उठली, तर सासूबाईंनी गेरू लावला.

आमचं गाव विट्याजवळ. नवरा गलाईवाला, परमुलखात सोनं आटवून शुद्ध करतो. दरसाल जत्रेला यायचा तो खोकतच. भट्टीतल्या तेजाबाच्या धुराचा खोकला, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी बावळट त्याला गूळ-तूप चारायची.

त्याला बोलावून घेतलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "याआधी कधी तपासलं होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "व्हय. टीबी झाला तवा. तवाच ह्ये बी कळलं. पोरगी तान्ही हुती." टीबीचं औषध त्यानं पुरं केलं. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र दुकानातली माणसं बघतील म्हणून घेतल्याच नाहीत.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू माहेरी गेली असतीस."

गरोदरपणातली माझी एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह होती. म्हणजे लागण नंतरची. "मुलीला अंगावर पाजलंत ना? दुधातूनही होऊ शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी पोरीला पाजायची आणि हा समोर बसून जेवायचा. सगळं माहीत असून. एवढा दगा वैरीसुद्धा देत नाही.

पोरीचं रक्त दिलं. बाकड्यावर आम्ही दोघं, मध्ये ती, केळं खात. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी पदरात तोंड घालून रडले.

तो म्हणाला, "देवानं वाचीवलं. चल आता घरला."

"तुमी जावा. मी पोरीला घिऊन कुंडलला आईकडं चालले."

आता मी रोज गोळी घेते. ती जन्मभर घ्यायची, म्हणजे विषाणू दबून राहतो. शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं हा रोग लागत नाही. आई माझ्याच ताटात जेवते. बायांनो, ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, तर रक्त तपासा. नवऱ्याचा खोकलाही तपासायला लावा. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

त्याचीही औषधं सुरू झालीत. फोनवर विचारतो, माफ केलंस का. मी विचारते, "गोळी घेतली का?" तो व्हय म्हणाला, की फोन ठेवते.